ढब्बूच्या गुडघ्यातली रेघ

तुमच्या पिल्लाची नसबंदी कधी करायची, हे सोसायटीच्या सभेला ठरवू द्याल तुम्ही?

आमच्या सभेने ठरवलं. ढब्बू, आमचा ग्रेट डेन, सात महिन्यांचा आहे. माझ्या कमरेला लागतो, पण जिना उतरताना त्याचे चार पाय चार दिशांना जातात.

"याच महिन्यात उरकून टाका," सेक्रेटरीकाका म्हणाले. "आमच्या मनीची सहाव्या महिन्यात केली. काही झालं का तिला?"

"काका, तुमची मनी याच्या ताटलीत मावेल!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले आणि तरीही सगळ्यांनी काकांच्या बाजूने हात वर केले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. गुडघ्याजवळ एक बारीक काळी रेघ होती. "इथं हाड अजून वाढतंय. एवढ्या मोठ्या जातीत नसबंदीची घाई केली, तर सांध्यांचं दुखणं मागे लागू शकतं. ही रेघ बुजू दे."

मी त्या रेघेकडे बघत राहिले. अंगाने मोठं दिसलं की ते पूर्ण वाढलं, असं आपण किती सहज धरून चालतो! मग आपल्या सोयीची तारीख त्याच्यावर लादतो, आणि लंगडायचं मात्र त्याने.

नसबंदी आम्ही करणारच आहोत. तोवर ढब्बू पट्ट्याशिवाय खाली उतरणार नाही, हेही सोसायटीला लिहून दिलंय. पण घाई करणार नाही.

तुमच्या घरीही असं थोराड पिल्लू असेल, तर आधी डॉक्टरांना त्याचे सांधे दाखवा. त्यांनी "अजून नाही" म्हटलं, तर तुम्हीही सगळ्यांसमोर तेवढंच ठामपणे "नाही" म्हणा.