पितळेचा तीळ

कुठल्याही घरी गेल्यावर माणसांआधी त्यांच्या ताटांची चौकशी करणारा गृहस्थ पृथ्वीवर एकच असावा, आणि ते माझ्या नणंदेचे सासरे आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. समोर आलेलं भांडं उलटं करून त्याची पाठ पाहिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. एका साखरपुड्यात त्यांनी तबक असंच उलटं केलं, तेव्हा त्यात अक्षता, पेढे आणि नवऱ्या मुलाची अंगठी होती. मंडळी सतरंजीवर रांगत अंगठी शोधत असताना तात्या शांतपणे म्हणाले, "आपलं नाय हे."

'आपलं' म्हणजे त्यांच्या चिकलठाण्याच्या कारखान्यातलं. त्यांचे वडील भाता घेऊन गल्लोगल्ली कल्हई करत फिरायचे. तात्यांनी एका खोलीत टाकी मांडली आणि विजेच्या जोरावर पितळेला चांदीचं पाणी चढवायला घेतलं. आधी पानदानं आणि अत्तरदाण्या, पुढं समया, मग शाळांचे करंडक, हॉटेलांचे ट्रे. हा इतिहास ते राजघराण्याचा असावा तसा सांगतात. पहिली टाकी गळाली तो प्रसंग तर किल्ला पडल्यासारखा. मी व्यवहारी बाई, यादीशिवाय भाजीलाही जात नाही. पण त्या टाकीत सोडलेली पिवळी वाटी दुधासारखी पांढरी होऊन वर आली, तेव्हा मी तिथं कशासाठी गेले होते तेच विसरले.

खरी नवलाई पुढंच आहे. प्रत्येक भांड्याच्या पाठीवर तात्या तिळाएवढी जागा कोरी ठेवत. तिथलं पितळ उघडं दिसे. त्यासाठी भांडं टाकीत सोडण्याआधी तेवढा ठिपका नेलपॉलिशनं झाकायचा आणि मागाहून पुसायचा. बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात "कोणता रंग देऊ, तात्या?" या प्रश्नाला "कोणता बी, पर घट्ट दे" असं उत्तर देणारं गिऱ्हाईक शहरात दुसरं नसेल.

"चाचा, चाँद पे दाग कायको छोडते?" एक दुकानदार वैतागून विचारायचा.

"दाग नाय, तीळ हाय त्यो. घेणाऱ्याला कळाया पाहिजे, आत पितळ हाय म्हणून."

एकदा लग्नाच्या भेटवस्तूंचा मोठा व्यापारी आला. वर्षभर कारखाना चालेल एवढं काम, अट एकच, तीळ नको. नणंदेचे यजमान काकुळतीला आले.

"तात्या, असं काम पुन्हा येणार नाही."

"चांदी म्हणून इकंल त्यो."

"विकू द्या ना! आपण थोडंच तसं सांगतोय?"

"आपण सांगत नाय, म्हणून तर तिळानं सांगायचं."

काम गेलं. बापलेक पुढं कितीतरी दिवस नणंदेमार्फत बोलत. एका टेबलावर बसून "यांना म्हणावं, मीठ सरकवा" असं चाले.

मग तात्यांची नजर अधू झाली, हात थरथरू लागले. मुलानं कारखाना बिडकीनजवळ नव्या शेडमध्ये हलवला आणि जाहीर केलं, "आता तीळ बंद." त्या दिवशी तात्या ताट उलटं न करताच जेवले. आम्ही सगळे घाबरलो.

परवा माझ्या मुलीच्या केळवणाला दोघं बापलेक आले. नणंदेच्या यजमानांनी नव्या शेडमधलं तबक आणलं होतं. तात्यांनी त्याला हातही लावला नाही. तेव्हा मुलानंच ते उलटं करून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचा अंगठा धरून पाठीवरून फिरवला. अंगठा एका जागी थांबला.

"तीळ हाय का टिकली रं ही? लई मोठा केलास."

"अजून हात बसला नाही, तात्या."

"बसंल."

मुलीची ओटी भरायला मला तेच तबक हवं होतं. यादीत तसं लिहिलंही होतं. पण तात्यांचा अंगठा तिथून हलेना. मी गुपचूप स्टीलचं ताट घेतलं.