कोऱ्या कागदावरच्या सह्या

आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी पाडावी, अशी लेखी सूचना मी महापालिकेला दिली. खाली गिरणीवाल्या भाभींची सही होती. माझीही होती. मी राहतो त्या ओळीतल्या झाडून सगळ्या घरांची होती, आणि त्या सूचनेप्रमाणं माझं स्वतःचं पुढचं दालनही पडणार होतं.

हे मी मुद्दाम केलं नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान कुणीतरी माझ्या बाजूनं उभं राहिलं असतं.

झालं असं, की शहराचा नवा विकास आराखडा जाहीर झाला आणि त्यावर हरकती-सूचना मागवल्या. आमची गल्ली रुंद होणार होती. दोन्ही बाजूंनी सारखी जागा घेणार, म्हणजे आमच्या ओळीचे ओटे जाणार आणि समोरच्या सोसायटीची कंपाउंड वॉल आत सरकणार. एवढंच. ओटे गेल्यानं कुणी मरत नाही. पण समोरच्या सोसायटीशी आमचं पाण्याच्या टँकरवरून जुनं वैर. टँकर आमच्या दारात उभा राहिला की त्यांच्या गाड्या अडतात, आणि त्यांच्या गाड्या उभ्या असल्या की टँकरचा पाइप आमच्या टाकीपर्यंत पोचत नाही. त्यांचे चेअरमन एकदा मला म्हणाले होते, "काका, तुमची गल्ली म्हणजे शहराचा मागचा दरवाजा आहे." ते मी विसरलो नव्हतो. त्यांच्या वॉलच्या आत बरीच मोकळी जागा पडलेली. मला वाटलं, सगळं रुंदीकरण तिकडूनच का घेऊ नये?

अर्ज लिहायला गल्लीत मी एकटाच. बत्तीस वर्षं चित्रकलेचा शिक्षक होतो. चित्रकलेच्या मास्तरचं अक्षर चांगलं असतं असा लोकांचा समज असतो, आणि माझं आहेच. त्यामुळं पाणी, दिवाबत्ती, कुत्री, सगळे अर्ज माझ्याकडं. आमच्या गल्लीची पद्धत अशी, की सह्या आधी आणि मजकूर मागाहून. आधी मजकूर लिहून नेला, की प्रत्येकाला त्यात स्वतःचं काहीतरी घालायचं असतं. एकाला गटार, एकाला समोरच्याचं झाड, एकाला जावयाची बदली. कोऱ्या कागदावर मात्र लोक हसत हसत सही करतात. ही पद्धत मीच पाडली, आणि तिचा मला अभिमान होता.

भाभींनी सही करताना फक्त एवढं विचारलं, "सर, गिरणीला धक्का नाही ना लागणार?"

"भाभी, गिरणी वाचवायलाच तर चाललंय हे," मी म्हणालो.

भाभी मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. नवरा गेल्यापासून गिरणी त्याच चालवतात. रस्त्यालगतची एकच खोली, त्यात मोटर, जातं, भिंतीला दळणाच्या डब्यांची रांग. त्या खोलीतून हातभर जागा गेली तर मोटर हलवावी लागेल, आणि मोटर हलवायला मागं जागाच नाही. मागच्या खोलीत त्या आणि त्यांची सासू राहतात. ओटा गेला तर चालेल, भिंत गेली तर गिरणी संपली. हे मला तोंडपाठ होतं. सही घेताना मीच त्यांना ते समजावून सांगितलं होतं, जणू त्यांना माहीतच नाही.

मग मी आराखडा बघायला झोन ऑफिसात गेलो. भिंतीवर नकाशा लावलेला. मी पिशवीतून बटर पेपर आणि पेन्सिल काढली. तिथला क्लार्क म्हणाला, "काका, मोबाइलवर फोटो काढा ना. सगळे तसंच करतात."

"फोटोत प्रमाण बिघडतं," मी म्हणालो. "आम्ही हातानं उतरवतो."

त्यानं हात जोडले. मला वाटलं आदरानं जोडले.

आमच्या गल्लीच्या दोन रेघा, वर मुख्य रस्ता, खाली नाला, आणि नाला सोसायटीच्या बाजूला वळतो ते वळण, एवढं गिरवलं. घरांचे चौकोन सोडून दिले, डोळ्यांना झेपेना. भिंतीवर आमची ओळ डावीकडं होती, सोसायटी उजवीकडं. हे मनात घोकत घरी आलो. बटर पेपर ड्रॉइंग शीटवर ठेवला आणि मागून पेन्सिल घासून चित्र उतरवलं. शेकडो पोरांना हे शिकवलंय. एकच गोष्ट सांभाळायची असते, गिरवलेली बाजू वर ठेवायची. ती मी खाली ठेवली. कागदावर सगळं आरशात बघावं तसं उलटं उतरलं, आणि मी घोकल्याप्रमाणं उजवीकडं लाल रेघा मारल्या. सुंदर मारल्या. एकही रेघ दुसरीपेक्षा जाड नाही.

मजकुरात सोसायटीचं नाव घातलं नाही. त्यात माझी हुशारी होती. नाव वाचून चेअरमन सावध झाले असते. मी फक्त लिहिलं, 'सोबतच्या नकाशात लाल रेघांनी दाखविलेल्या बाजूनेच संपूर्ण रुंदीकरण करावे, ही समस्त रहिवाशांची एकमुखी सूचना आहे.' आवक शिक्का मारून घेतला. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "बाण कुठाय, उत्तर-दक्षिणेचा?" मी म्हणालो, चित्रात बाण नसतो.

सुनावणीची नोटीस आली. गल्लीतून आम्ही तिघंच गेलो. मी, भाभी, आणि आमच्या शेजारचे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते मूळचे देवगाव रंगारीचे, आवाज अजून चालत्या गाडीतला. बाकीचे म्हणाले, "सर आहेत ना." भाभींनी गिरणी बंद ठेवली होती. आठवड्याच्या मधल्या वारी गिरणी बंद म्हणजे निम्म्या गल्लीच्या कणकेचा प्रश्न, पण गिरणीचाच विषय होता, म्हणून आल्या.

हॉलमध्ये लोक आधीच तापलेले होते. कुणाच्या प्लॉटवर शाळेचं आरक्षण, कुणाच्या घरावर बगिचा. एक माणूस समितीपुढं ओरडत होता की तुमच्या बगिच्यात मी झोपू काय. पंखा फिरत होता आणि कुणाला लागत नव्हता. पहिल्या रांगेत सोसायटीचे चेअरमन बसलेले. त्यांनी मला बघून मान हलवली, चक्क हसून. मला शंका यायला हवी होती. मला वाटलं, घाबरलाय.

आमचा नंबर आला. मी उभा राहिलो.

समितीतले मोठे साहेब कागद वर-खाली बघत म्हणाले, "ही सूचना वेगळी आहे. आत्तापर्यंत जो तो म्हणतोय शेजाऱ्याचं घ्या. तुम्ही पहिले, जे म्हणताय आमचं घ्या."

मी नम्रपणे हसलो. मला वाटलं, साहेब उपरोधानं बोलतायत.

"नाला वळतो त्याच्या विरुद्ध बाजूनं, म्हणजे गिरणीच्या ओळीतूनच संपूर्ण रुंदीकरण. सगळ्यांच्या सह्या. उत्तम." साहेबांनी विचारलं, "यावर कुणाची हरकत?"

चेअरमन उठले. "साहेब, आमच्या सोसायटीचा या सूचनेला जाहीर पाठिंबा आहे. शेजाऱ्यांच्या त्यागाचं आम्ही कौतुक करतो."

कंडक्टर माझ्याकडं वळले. "मास्तर, ह्ये काय बोलून राह्यलेत?"

"थांबा, चुकून बोलतायत," मी पुटपुटलो.

भाभी थांबल्या नाहीत. त्या सरळ टेबलाशी गेल्या आणि त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "साहेब, ये लाल लाइन मेरी गिरणी पे है क्या?"

"हो. आणि चौथ्या नंबरची सही तुमचीच आहे ना?"

"सही मेरीच है. कागज कोरा था."

मघाशी बगिच्यात झोपणारा माणूससुद्धा वळून बघायला लागला.

साहेबांनी चष्मा काढला. "कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या? कुणी?"

आता इथं मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "साहेब, सगळेच घेतात. आणि मुद्दा तो नाही. ऑफिसनं नकाशा उलटा वाचलाय."

साहेबांच्या शेजारी एक तरुण सर्वेअर बसली होती. तिनं माझा नकाशा उचलला, खिडकीशी नेला आणि उजेडापुढं धरला. मग शांतपणे पालटून मागच्या बाजूनं धरला. आणि मागच्या बाजूनं सगळं बरोबर होतं. नाला सोसायटीकडं वळत होता, लाल रेघा आमच्या ओळीवर होत्या, आणि पुढच्या बाजूनं गल्लीचं बत्तीस वर्षांच्या अनुभवानं केलेलं उलटं चित्र होतं.

"हे कुणी काढलंय?" तिनं विचारलं.

"यांनीच," कंडक्टर गरजले. "चित्रकला शिकवत होते! माझ्या दोन्ही पोरांना शिकवलंय. म्हनूनच दोघं कापडाच्या दुकानात हायेत."

हॉल हसला. चेअरमन तर टाळी द्यायला माणूस शोधत होते. भाभी हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघतही नव्हत्या, त्या साहेबांकडं बघत होत्या.

"साहेब, गिरणी गेली तर मी आणि सासूबाई काय खायचं? मी असं कधी बोललेच नाही. माझं नाव काढा."

साहेबांनी सांगितलं, की जे हजर आहेत त्यांनी आत्ता लेखी मागं घ्यावं. जे हजर नाहीत त्यांची सूचना कायम राहील. सुनावणी संपेपर्यंत वेळ आहे, पुन्हा तारीख नाही. म्हणजे आम्ही तिघांनी मागं घेतलं तरी बाकी सगळी ओळ गिरणी पाडा म्हणतच राहणार होती, माझ्या सुंदर अक्षरात.

मी म्हणालो, "भाभी, मी फोन करतो सगळ्यांना."

"तुम्ही बसा," भाभी म्हणाल्या.

त्या व्हरांड्यात गेल्या. आतपर्यंत आवाज येत होता. "व्हय, आत्ताच्या आत्ता. नाय, सरांनी नाय वाचवलं, सरांनीच पाडायला लावलंय. दुकान बंद कर. तुझा डबा माझ्याकडंच आहे, लक्षात ठेव." एकाला तर त्या एवढंच म्हणाल्या, "या," आणि फोन ठेवला. तो सगळ्यात आधी आला.

तासाभरात गल्ली हॉलमध्ये. कुणी बनियनवर शर्ट अडकवून, कुणी हाताचं ग्रीस न पुसताच. प्रत्येक जण दारातून आत यायचा, मला शोधायचा, नजर भिडली की तोंड फिरवून टेबलाकडं जायचा. गल्लीतल्या टेलरनं मात्र थांबून विचारलं, "सर, मी तुम्हाला कधी त्रास दिला होता का?" त्यानं माझी पँट तीनदा आल्टर केली होती, एकदाही तक्रार न करता.

मी पेन काढून म्हणालो, "आणा, मी भराभर लिहून देतो." सगळ्यांनी कागद छातीशी धरले. मी दरोडेखोर असतो तरी एवढे घट्ट धरले नसते. शेवटी मजकूर कंडक्टरनी लिहिला. तिकिटावर लिहितात तशा अक्षरात, तीन ओळींत, काना-मात्रा वाऱ्यावर. आणि या वेळी प्रत्येकानं आधी मजकूर वाचला, दुसऱ्याकडून वाचून घेतला, तिसऱ्याला विचारला, आणि मग सही केली. कुणाला गटार आठवलं नाही, कुणाला जावई आठवला नाही. माझ्या पद्धतीचं तिथंच विसर्जन झालं.

सगळ्यात शेवटी साहेब म्हणाले, "आता तुम्ही. तुमचं कारणासह हवं." आणि त्यांनीच सांगितलं काय लिहायचं. 'मी माजी चित्रकला शिक्षक असून नकाशा उतरवताना कागद उलटा ठेवला व सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या.' सर्वेअर पोरीनं ते वाचलं आणि म्हणाली, "अक्षर छान आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सूचना रद्द झाली. मूळ आराखडा राहिला, दोन्ही बाजूंनी सारखं. ओटे जाणार, गिरणीची भिंत राहणार. कंडक्टरनी विचारून बघितलं, की आता खरोखर सोसायटीच्या बाजूनं मागता येईल का. मुदत संपली होती. चेअरमन बाहेर पडताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "पुढच्या वेळी आमच्यासाठीही एक नकाशा काढा, काका." मी त्यांना जे म्हणालो ते इथं लिहीत नाही, शाळेत कुणी असं बोललं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

परतीला सगळे तीन रिक्षांत बसले. प्रत्येक रिक्षात जागा होती, आणि प्रत्येक रिक्षात मी आलो की नव्हती. शेवटी भाभींच्या रिक्षात पुढं, रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धा लटकून बसलो. भाभींनी उतरून शटर वर केलं, मोटरवर हात ठेवला, पट्टा ओढून बघितला. बाहेर डब्यांची रांग लागलेलीच होती. मी तिथंच घुटमळत होतो. माणसानं अशा वेळी घरी जावं. मी म्हणालो,

"भाभी, ओट्यासाठी एक अर्ज करून बघू का? थेट आयुक्तांना?"

भाभींनी पहिला डबा जात्यात ओतला आणि मोटर चालू करायच्या आधी, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"सर, दळण आणायला आजपासून मॅडमला पाठवा. तुम्ही समोर दिसलात तर माझा हात पट्ट्यात जाईल."