मुठीतली ठिणगी

उदगीरचे आमचे म्हातारे मिस्त्री बॉनेटला सलाम करूनच कामाला लागतात. परवा आईला लातूरला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि आमची जुनी गाडी काही केल्या सुरू होईना. मिस्त्रींनी प्लगची वायर काढून सरळ मुठीत धरली. मी सेल्फ मारला. त्यांचा हात हललाच नाही.

"करंटच न्हाई," ते म्हणाले.

डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडून त्यांनी आतले पॉइंट नखानं चाचपले, पॉलिश पेपरनं घासले, टोपण बसवलं आणि वायर पुन्हा मुठीत घेतली.

"झटका बसंल की, मिस्त्री!"

"बसू द्या. ठिणगी डोळ्याला दिसंना आता."

मी चावी फिरवली. त्यांचा हात खांद्यापासून उडाला.

"आली!" ते लेकरासारखे हसले.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "मिस्त्री, तुमीबी चला दवाखान्यात."

"कशाला, माय? हात हाय की!"