न मोजलेली सुपारी

आजोबा होते तोवर आमच्या सांगलीच्या घरात एकाच माणसाचं राज्य होतं. नियम आजोबांचा, हुकूम आजोबांचा आणि हुकमाविरुद्ध रडायचं तर तेही आजोबांपुढंच. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडं मागायची, असं माझे वडील दबक्या आवाजात म्हणायचे. ते वकील होते.

आजोबा गेले तेव्हा दिल्लीत देशाची घटना लिहायला नुकती सुरुवात झाली होती. वडील वर्तमानपत्र वाचता वाचता जगभरच्या राज्यकारभारांवर बोलत, आणि त्यात अमेरिकेवर त्यांचा फार जीव. तिथं कायदा करणारी सभा वेगळी, अंमल करणारा अध्यक्ष वेगळा, न्याय देणारं कोर्ट वेगळं. एक उधळला की दुसऱ्यानं कासरा ओढायचा. "आपणही घर असंच चालवू," वडील म्हणाले, आणि खरोखरच तसं चालवू लागले.

थोरले काका अध्यक्ष झाले. वडील आणि काकांचे दोन कर्ते मुलगे मिळून सभा झाली. कोर्ट म्हणजे आत्या, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली. अमेरिकेत न्यायाधीश जन्मभरासाठी नेमतात, आणि आत्यालाही जन्मभर दुसरीकडं कुठं जायचं नव्हतं. आम्ही मुली यावर फिदीफिदी हसायचो. मत सुपारीनं द्यायचं. ठराव मान्य असेल त्यानं पितळी ताटलीत सुपारी टाकायची. अध्यक्षाला ठराव नापसंत असला तर तो परत पाठवी. मग तिघांपैकी दोघांच्या सुपाऱ्या पुन्हा पडल्या तर अध्यक्षाचं काही चालत नसे. नवी म्हैस घ्यायची, परसातली मोरी बांधायची, असले ठराव सुरळीत पार पडले. वडिलांना कोण अभिमान वाटायचा.

मग काकूचा ठराव आला. ही माझी धाकटी काकू, मेढ्याकडची. धाकटे काका विषमज्वरानं गेले तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती मराठी फायनल, म्हणजे सातवी, पास होती. मला गणित तीच शिकवायची, चुलीपुढं, राखेत बोटानं आकडे काढून. साताऱ्याला मास्तरणींच्या ट्रेनिंगचा वर्ग दर जूनला सुरू होई, राहायचीही सोय होती, पण तिथं पंचविशीच्या आतल्याच बायका घेत. काकूची पंचविशी त्या दिवाळीत भरत होती. तो जून चुकला की सगळंच संपणार होतं.

वडिलांनी ठराव मांडला. काकू आणि मी दाराआड उभ्या होतो. तिन्ही सुपाऱ्या पडल्या तेव्हा तिनं माझा हात इतका दाबला की माझ्याच बांगड्या मला रुतल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी ठराव परत पाठवला.

"घरातली विधवा सून परगावी एकटी राहणार? भावकीत तोंड दाखवायला जागा राहील का?"

सभा पुन्हा बसली. वडिलांनी आपली सुपारी टाकली. काकांच्या मुलांनी बापाच्या तोंडाकडं पाहिलं आणि मुठी उघडल्याच नाहीत. तेवढ्यात काकू दाराआडून बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत ती त्याआधी कधी गेली नव्हती. तिनं ताटलीत एक सुपारी टाकली.

"माजी बी एक धरा, भावजी."

ताटलीत दोन सुपाऱ्या होत्या. झालं, असं मला वाटलं. वडिलांनी तिची सुपारी उचलली आणि बाजूला सतरंजीवर ठेवली.

"सभेत तुझं मत नाही. नियम आहे. अमेरिकेतसुद्धा बायकांना मत मिळायला शंभरावर वर्षं गेली."

"मग मी शंभर वर्सं थांबू व्हय?"

वडिलांचे डोळे भरले होते. पण ती सुपारी त्यांनी परत ताटलीत टाकली नाही. याचा मला अजून राग येतो. काका निदान उघड उघड आडवे आले. वडिलांना काकूची कणव होती, आणि तरीही त्यांना नियम मोडवला नाही. तो नियम त्यांनीच आमच्या माजघरात बसून केलेला होता, काही वेदातला नव्हता!

राहिलं कोर्ट. काकू आत्याच्या पायाशी जाऊन बसली. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"त्येंनी नियम मोडला असता तर मी थोरल्याला बी सोडलं नसतं गं. पर समदं नियमानंच झालंय. मी काय बोलू?"

असं म्हणून आत्यानं तिला कुशीत घेतलं आणि दोघी विधवा एकमेकींना धरून रडल्या. निकाल मात्र बदलला नाही.

जून गेला. ऑगस्टात देश स्वतंत्र झाला, आम्हाला शाळेत पेढे मिळाले. मी माझा काकूसाठी राखून आणला. तिनं तो देवापुढं ठेवला आणि मलाच परत दिला. त्यानंतर तिनं मला गणित शिकवलं नाही. विचारलं की म्हणायची, "बापाला इचार, त्यो शिकलेला हाय."

काही वर्षांनी घटना मंजूर झाली. वडील वर्तमानपत्र घेऊन थेट स्वयंपाकघराशी आले. उंबऱ्यातूनच काकूला म्हणाले, "अगं ऐकलंस का, आपल्याकडं बायकांना पहिल्या दिवसापासून मत! शंभर वर्षं थांबायला नको."

काकू चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली.

"मग भावजी, माजी ती सुपारी आता मोजा की."

"पुढच्या जूनला आपण पुन्हा..." वडील म्हणाले, आणि पंचविशीची अट आठवून तिथंच थांबले. तव्यावरची भाकरी करपत होती. काकूला तसं सांगायला आमच्यापैकी कुणाची जीभ रेटली नाही.