फाट्यावर अडकणारी फ्रेम

आधीच सांगून टाकतो, या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर टाइमपास म्हणूनच वाचत आलोय. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचायचे आणि 'याला त्या दिवशी ताप असणार' म्हणून खिदळायचं, हा आमचा जुना उद्योग. माझं कामच असं आहे की सहजासहजी कशावर विश्वास बसत नाही. मी परफॉर्मन्स टेस्टर आहे. एखादं अ‍ॅप हळू का चालतं ते शोधायचं, पुरावा द्यायचा, आणि पुरावा नसेल तर गप्प बसायचं. आज मी पुरावा नसताना लिहितोय, तेव्हा तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

जागा — बेंगळुरू, एचएसआर लेआउट, चौथ्या मजल्यावरचा माझा भाड्याचा फ्लॅट. वेळ — शनिवार-रविवारची दुपार. खिडकीत ऊन, खाली नारळपाणीवाल्याची गाडी... भुताखेतांना शोभेल असं काहीच नाही.

मी मूळचा काटोलचा, नागपूरजवळचा. आई गेली, आणि बाबा तिथे एकटे कसे राहणार म्हणून मी त्यांना इकडे घेऊन आलो. बाबा आयुष्यभर लाल डब्याचे ड्रायव्हर. अख्ख्या गल्लीला पुरेल एवढं बोलणारा माणूस, पण इथे आल्यापासून तोंडाला कुलूप. जेवलात का? हं. फिरायला जायचं? ऊं. दर रविवारी तेवढं एक पूर्ण वाक्य — "माह्यं तिकीट काढून दे." म्हणजे परत काटोलला, त्या बंद घरात, एकट्याने. मी आज-उद्या करत टाळायचो. हे तिथे गेले तर फार दिवस काढणार नाहीत, अशी मला खरोखरची भीती वाटत होती.

त्यांचा पलंग हॉलमध्ये खिडकीशी लावायचा म्हणून मी माझं कॉम्प्युटरचं टेबल सरकवलं. हा कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला. एकेक भाग एस.पी. रोडच्या कॉम्प्युटर बाजारात राव अण्णांच्या दुकानातून निवडून आणलेला. राव अण्णा इथल्याच बसवनगुडीचे. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, घरात अजून मराठी बोलतात, त्यामुळे मला ते हक्काचे वाटतात. तर टेबल सरकवलं, वाकून, हाताने चाचपत सगळ्या वायरी पुन्हा जोडल्या, गेम लावला... आणि गेम अडखळायला लागला.

गेम ट्रक चालवायचा आहे. टेबलाला स्टिअरिंग, पायाशी पेडल्स, समोर परदेशातले लांबलचक रस्ते, दोन्हीकडे बर्फ. आधी लोण्यासारखा चालायचा. आता मजेत जाता जाता चित्र मधेच थिजायचं, मग एकदम उडी मारून पुढे. मी कामाला लागलो. ग्राफिक्सचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नवं टाकलं, बाजूचं झाकण उघडून रॅम काढून पुसून बसवली, प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट बदलली, विंडोजसुद्धा नव्याने टाकलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आलेख लावला. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राला, किती वेळ लागतो त्याची ती रेघ असते, चित्र अडकलं की रेघ उंच उसळते. दोन शनिवार-रविवार त्या रेघेकडे बघण्यात गेले. एवढंच कळलं की कुठलाही देश घ्या, कुठलाही रस्ता घ्या, मुख्य रस्त्याला डावीकडून छोटा रस्ता येऊन मिळाला की तिथेच चित्र अडकतं.

दुसऱ्या रविवारी असंच चित्र अडकलं, तेव्हा मागून पलंगावरून आवाज आला.

"थांबव न."

मी दचकून वळलो. बाबा उठून बसले होते.

"काय झालं बाबा?"

"फाटा हाये तिथं. कोणी उभं हाये. हात दाखवून राह्यलं."

मला तिथे बर्फ आणि एक खांब दिसत होता. तोवर चित्र सुटलंही. बाबांची नजर कमी झालीय, असं म्हणून मी सोडून देणार होतो, पण बाबा बोलायला लागले. इतक्या महिन्यांनी बोलत होते, म्हणून मी गेम बंद करून त्यांच्या पायाशी जाऊन बसलो.

मी पाचेक वर्षांचा असताना आई मला घेऊन माहेराहून परत येत होती. तिचं माहेर आडवळणाचं. फाट्यापर्यंत पायी यायचं आणि येणाऱ्या बसला हात दाखवायचा, ड्रायव्हर थांबवतो, ही आमच्याकडची रीतच. त्या दुपारी आलेली बस बाबांचीच होती. पण पुढच्या सीटवर तपासणीचे साहेब बसले होते.

"मले वाटलं, साहेब म्हणतीन, हा बायकोसाठी गाडी थांबवते. दुसरं कोणी असतं ना, तं थांबवली असती मी. बायको होती म्हणून नाही थांबवली. तिनं पाह्यलं मले. हात तसाच वर होता तिचा."

पुढची बस संध्याकाळी. आई मला घेऊन चालत निघाली. घरी आली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकाला लागली.

"एक शब्द नाही बोलली, रे. त्या दिवशीही नाही आन् मंग कधीच नाही. भांडली असती तं बरं झालं असतं. मी आज बोलतो, उद्या बोलतो करत राह्यलो... राहूनच गेलं."

बाबा रडत नव्हते, पण मला रडू आलं. कारण ती पायपीट मला आठवते. कुठली, कधीची, हे कधी ठाऊक नव्हतं. वितळलेलं डांबर चपलेला चिकटायचं, आईने तिचा पदर माझ्या डोक्यावर टाकला होता, आणि मी सारखं 'अजून किती' म्हणून भुणभुण लावली होती.

"ते दुरुस्त नको करू," बाबा स्क्रीनकडे बोट करून म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी मी चहासाठी गॅसवर दूध ठेवून आलो, तर बाबा माझ्या खुर्चीत बसलेले. याआधी त्यांनी स्टिअरिंगला बोटसुद्धा लावलं नव्हतं. पाठ ताठ. आरसा नीट करायला हात सवयीने वर गेला आणि हवेतच फिरला. मी हसलो नाही. ट्रक निघाला. चालवणं बघण्यासारखं होतं... वळणावर मी हमखास गडबडतो, तिथे ते असे जात होते की जणू रस्ता स्वतःहून वळतोय. पडदा वाऱ्याने आत येत होता, परत जात होता. खालचा गाड्यांचा आवाज केव्हा बंद झाला, माझ्या लक्षात आलं नाही.

डावीकडून छोटा रस्ता आला. बाबांनी ब्रेक दाबला. चित्र थिजलं.

समोर सगळं पांढरं होतं. तो बर्फ होता की भर दुपारचं ऊन, मला आजही सांगता येणार नाही. खांबापाशी एक बाई उभी होती. एक हात वर केलेला. दुसऱ्या हाताने तिने एका पोराला धरलं होतं आणि पोराच्या डोक्यावर तिचा पदर होता. चेहरा दिसत नव्हता. पण आपली आई उभी कशी राहते, हे माणसाला पाठमोरंही कळतं.

"ये व," बाबा अगदी हळू म्हणाले. "ये, बस. लय उशीर झाला माह्याकडून."

ते वाट बघत राहिले. किती वेळ, माहीत नाही. मला डिझेलचा वास आला, आणि लोखंडी दार लागल्यासारखा आवाज. मग बाबांनी गिअर टाकला, ट्रक सुरळीत पुढे निघाला, आणि मला करपल्याचा वास आला. गॅसवरचं दूध आटून पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. एवढं दूध आटायला किती वेळ लागतो ते तुम्हीच ठरवा. मी नंतर फ्रेमच्या रेघेचा लॉग, म्हणजे आपोआप साठणारी नोंद, उघडला. ती अख्खी दुपार रेघ सरळ होती, कुठेही उसळलेली नाही. लॉगच्या मते गेम एकदाही अडकला नव्हता.

"भाजी कोणची हाये आज?" बाबांनी विचारलं. दोन पोळ्या जास्त जेवले.

पुढच्या शनिवारी कॉम्प्युटर लावला तर स्क्रीन काळी. 'नो सिग्नल'. टेबल ओढून मागे टॉर्च मारला आणि कपाळावर हात मारून घेतला. मॉनिटरची केबल चित्र पुरवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात लावलेली, म्हणूनच गेम अडखळत होता तर! आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडणारा माणूस करतो, ती ही चूक. मी विंडोजपर्यंत सगळं उपसलं आणि केबल कुठे आहे ते वाकून बघितलं नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं हे असंच. मी हसत हसत राव अण्णांना फोन लावला.

तेही आधी हसले. मग म्हणाले, "स्वल्प थांबा... तीन आठवडे चित्र आलं म्हणता? कसं येईल? तुमच्या प्रोसेसरात ग्राफिक्स नाहीच की! मीच सांगून दिलं होतं ना तुम्हाला, कार्डाशिवाय काही दिसणार नाही म्हणून. तो पोर्ट म्हणजे नुसतं भोक आहे बघा."

"पण अण्णा, केबल तिथेच होती."

"मधे कुणी तरी काढून लावली असेल. सरी, ठीक आहे, सोडा."

कुणीही लावली नव्हती. टेबल भिंतीला टेकलेलं, मधे हातसुद्धा जात नाही. मी ती केबल काढून त्याच पोर्टात पुन्हा-पुन्हा लावून बघितली. काळी स्क्रीन. कार्डाला लावली, चित्र आलं, आणि तेव्हापासून गेम एकदाही अडकलेला नाही.

बाबांनी मात्र चौकशीही केली नाही. ते हल्ली खाली वॉचमनला तोडक्यामोडक्या हिंदीत घाटातले किस्से ऐकवतात. आता काटोलचा विषय मीच काढतो, दिवाळीला दोघं जाऊ म्हणून.

केबलचं मी एखादे वेळी पचवलंही असतं. पण त्या रविवारपासून मला त्याच दुपारची आणखी एक आठवण आहे. कुणीतरी मला दंडाला धरून वर घेतं. बसच्या इंजिनावर सतरंजी टाकलेली, तिच्यावर मी बसलोय. खालून थरथर, मांडीला ऊब. आई शेजारी दांडा धरून उभी आहे. बाबांकडे बघत नाहीये, पण गालात हसतेय.

मी बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, मी कधी तुमच्या बसमध्ये पुढे इंजिनावर बसलो होतो का?

"कधीच नाही. घरच्यांले मी माह्या गाडीत बसूच नाही दिलं."

म्हणजे ही आठवण माझी असूच शकत नाही. कुठून आली, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला असं काही झालं असेल तर जरूर कळवा. आणि खरं सांगू? ती डांबरावरची पायपीट आता मला ओढून-ताणून आठवावी लागते. बसमधली आई डोळे मिटले की लगेच दिसते.