सुमानिया नावाचं राज्य

अमेरिकेत पन्नास राज्यं आहेत, हे मला मान्य आहे. त्यांची नावं मला मान्य नव्हती.

म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये आम्ही राहतो. मी सॉफ्टवेअरमध्ये, बायको केतकी एका संशोधन संस्थेत आणि नऊ वर्षांची मुलगी इरा शाळेत चौथीला. माझ्या वयाची इतर माणसं इथे सायकल चालवतात, डोंगर चढतात. मी नकाशे काढतो. खरे नाहीत, 'असं झालं असतं तर' या जातीचे. इंटरनेटवर आमचा एक गट आहे. फ्रेंचांनी अमेरिकेतला आपला मुलूख विकला नसता तर, डच लोक न्यूयॉर्क सोडून गेले नसते तर, अशा चिंतांनी त्यातली चाळीसेक माणसं व्याकूळ असतात. (यातल्या एकालाही मी प्रत्यक्ष भेटलेलो नाही. केतकी म्हणते, यातच सगळ्यांचं भलं आहे.)

अमेरिकेतल्या राज्यांसाठी एकेकाळी सुचवलेली, पण मागे पडलेली नावं मला भारी आवडायची. सिल्व्हेनिया, डेझरेट, फ्रँकलिन. ती घालून मी एक मोठा नकाशा केला. तरी बरीच राज्यं उरली. मग मी घरच्यांकडे वळलो. कॅलिफोर्नियाचं केलं केतकिया. हवाईचं इरालँड. टेक्सास आकाराने मोठं, म्हणून नम्रपणे स्वतःकडे ठेवलं: प्रसादिया. माझी आई मालती, तिला फ्लोरिडा दिला, मालतिया. आणि सासूबाईंचं नाव सुमन. त्यांच्यासाठी नेव्हाडा. सुमानिया.

नेव्हाडात वाळवंट आहे. ते मी तिथे ठेवलं नव्हतं, आधीपासूनच होतं. पण कोपऱ्यातली माहिती मात्र मीच लिहिली होती. 'सुमानिया: हवामान कोरडं. अचानक वादळं. वस्ती विरळ. पर्यटकांनी स्वतःच्या जबाबदारीवर जावं.' शिवाय एक विंचूही काढला होता. चांगला जमला होता.

ऑफिसातल्या मोठ्या प्रिंटरवर तो छापून मी घरी भिंतीवर लावला. इरा तेव्हा पाच वर्षांची होती. तिने विचारलं, "बाबा, हे खरं आहे?"

"गेनाऊ," मी म्हणालो. "अगदी खरं."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण इरालँडमध्ये ज्वालामुखी आहे म्हटल्यावर तिचे डोळे असे काही चमकले, की मी रोज थोडी थोडी भर घालत गेलो. नंतर कधीतरी खरं सांगू म्हटलं. ते नंतर चार वर्षं आलं नाही.

यंदा वसंतात सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. त्या सांगलीच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. आता निवृत्त झाल्यात, पण तपासायची सवय सुटलेली नाही. त्यांचं विमान उतरायच्या आदल्या दिवशी मी नकाशा गुंडाळून कपाटामागे ठेवला. इराने विचारलं तर म्हणालो, "खराब होऊ नये म्हणून ठेवलाय." म्हणजे तिच्या लेखी तो नकाशा खरा तर होताच, वर मौल्यवानही झाला.

एप्रिलमध्ये वर्गात प्रत्येकाला एका देशावर रेफेराट द्यायचं होतं, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून पंधरा मिनिटं बोलायचं. बव्हेरियात चौथीच्या गुणांवर मूल गिम्नासिउममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाणार की नाही हे ठरतं. त्यामुळे त्या वर्षी घराघरात पालकच चौथीत असतात. मी इराला म्हणालो, "कुठलाही देश घे, मी मदत करतो." ती म्हणाली, "ब्राउखे इष निष्त." मदत नको होती तिला. केवढा अभिमान वाटला मला. पोरगी स्वतंत्र झाली म्हणून मी त्या संध्याकाळी केतकीला शिरा करायला लावला.

चौथ्या दिवशी तिच्या बाईंचा, फ्राऊ लिंडनर यांचा फोन आला. भेटायला या. केतकीची मीटिंग होती. सासूबाई म्हणाल्या, "मी येते प्रसादराव. शिक्षकांची भाषा मला कळते."

"आई, अहो, त्या जर्मनमध्ये बोलतील."

"सूर कळतो," त्या म्हणाल्या.

वर्गात लहान मुलांच्या खुर्च्या. गुडघे हनुवटीला लागतील असा मी बसलो. शेजारी सासूबाई ताठ, त्यांच्या शेजारी इरा. आणि समोरच्या टेबलावर फ्राऊ लिंडनर यांनी शांतपणे माझा, इराने कपाटामागून काढून शाळेत नेलेला, नकाशा उलगडला.

मला वाटतं तेव्हाच मी उठून आडनाव बदलायला हवं होतं.

बाईंनी काय झालं ते सांगितलं. इरा अमेरिकेवर छान बोलली, पाठ चोख होता. वर्गातल्या एका मुलीने हात वर केला, की माझा मामा टेक्सासमध्ये राहतो आणि ते इथे दिसत नाही. इरा म्हणाली, "फ्रूअर फिलायष्ट." म्हणजे पूर्वी असेल कदाचित. बाईंनी अ‍ॅटलस आणला. इरा म्हणाली, अ‍ॅटलस जुना असणार, माझे पापा इंजिनिअर आहेत.

"तिला पाच मिळालेत," बाई म्हणाल्या. इथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे काहीच नाही. "हेर कुलकर्णी, एक विचारू? हे सुमानिया काय आहे?"

"आल्झो..." मी म्हणालो. म्हणजे 'तर...'.

"कोण सुमानिया?" सासूबाईंनी मराठीत विचारलं.

"आजी, डास बिस्ट डू," इरा आनंदाने म्हणाली. आजीला जर्मन कळत नाही हे आठवून तिने बोट नकाशावर ठेवलं. "हे तू आहेस."

सासूबाईंनी चष्मा लावला. फ्राऊ लिंडनर यांना वाटलं, मदत करावी. कोपऱ्यातला बारीक अक्षरांतला मजकूर इराने रेफेराटसाठी जर्मनमध्ये केला होता, तो त्या वाचू लागल्या आणि इरा आजीसाठी तो पुन्हा मराठीत करू लागली.

"कोरडं हवामान."

"अचानक वादळं."

"फार लोक राहत नाहीत. टुरिस्टनी आपलं आपलं बघावं."

मी विंचवाकडे बघत होतो. विंचू माझ्याकडे बघत होता.

सासूबाईंनी बोट विंचवावरून सगळ्या नकाशावर फिरवलं. मग अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं, "आणि विहीणबाई कुठे आहेत?"

हा प्रश्न येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात चार देवांना हाका मारल्या होत्या. इराचं बोट मात्र थेट फ्लोरिडावर गेलं. "इथे. समुद्र आहे. संत्री आहेत. वर्षभर ऊन."

"छान," सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा काढून डबीत ठेवला. डबी बंद झाल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, इराला रेफेराट पुन्हा देता येईल, पण एक अट आहे. अर्ध्या वर्गाला आता वाटतं की सुमानिया खरंच आहे आणि बाईच खोटं बोलतायत. तेव्हा हे तुम्ही स्वतः येऊन मुलांना सांगा.

चालत घरी येताना सासूबाई पुढे होत्या. इरा माझ्या बरोबर होती. बरंच अंतर गेल्यावर तिने हळूच मराठीत विचारलं, "बाबा, म्हणजे इरालँड नाहीये?"

"हवाई आहे."

"पण ते माझं नाही."

"नाही."

"मी सगळ्यांना सांगितलं होतं," ती म्हणाली आणि माझा हात सोडून आजीजवळ गेली. आतापर्यंत माझी फजिती झाली होती. शरम मला तिथे वाटली.

सोमवारी मी बावीस मुलांसमोर उभा राहिलो आणि जर्मनमध्ये सांगितलं की हा नकाशा खोटा आहे, तो मी केला आणि इराला तो खरा म्हणून सांगितला. चूक तिची नाही. टेक्सासच्या मामावालीने हात वर केला. "तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"गंमत म्हणून," मी म्हणालो.

"कोणासाठी?" तिने विचारलं.

मी फळ्याकडे बघितलं. फळा पुसलेला होता.

घरी सासूबाई तीन दिवस माझ्याशी इरामार्फत बोलल्या. "बाबांना सांग, चहा ठेवलाय." मी समोरच असायचो. रोज दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या इराकडून खरी राज्यं करून घेत होत्या, राजधान्या, नद्या, पाऊस, सगळं. त्या मराठीत विचारायच्या, इरा वहीत जर्मनमध्ये लिहायची. मी दारात उभा राहिलो की दोघी गप्प व्हायच्या.

चौथ्या दिवशी त्यांनी थेट विचारलं. "प्रसादराव, नेव्हाडाची माहिती कुठून घेतली होतीत?"

"का, आई?"

"कोरडं हवामान बरोबर आहे. वस्ती विरळ हेही बरोबर. वादळांचा आधार काय?"

आधार समोरच बसला होता. मी म्हणालो, "चुकलं, आई."

"बघून लिहावं माणसाने," त्या म्हणाल्या आणि मला चहा दिला. साखर नव्हती. मागितली नाही.

दुसरं रेफेराट इराने स्वतःच ठरवलं. राज्यांना आजची नावं कशी पडली आणि कुठली सुचवलेली नावं मागे राहिली, हा विषय. डेझरेट, सिल्व्हेनिया, फ्रँकलिन सगळी आली, पण खरी म्हणून नाही, राहून गेलेली म्हणून. एक मिळाला. घरी तिने वही उघडून आजीला दाखवली. आजीने ती केतकीला दाखवली. केतकीने, बऱ्याच विचाराअंती, मला.

शेवटच्या पानावर माहिती कुठून मिळाली त्याची यादी होती. शाळेचं वाचनालय. अ‍ॅटलस. आजी. आणि त्याखाली, पट्टीने रेघ मारून, एक वेगळी ओळ: 'पापा – वापरले नाहीत.'

त्या ओळीपुढे फ्राऊ लिंडनर यांनी बरोबरची खूण केली होती. दोनदा.