पापलेटाची दुसरी तुकडी

सोमवारी सकाळी माझे यजमान वारले.

त्याआधी वर्षभर ते दीर्घायुष्याचा अभ्यास करत होते. पनवेलच्या एका प्रवास कंपनीने शंभरी गाठलेल्या म्हाताऱ्यांच्या बेटावर अभ्यासदौरा नेला होता. आठ दिवस, नाश्त्यासह. तिथून ते प्रमाणपत्र, एक लहान ताटली आणि प्रश्नावलीचे कोरे फॉर्म घेऊन परतले. तिथली जांभळी रताळी आपल्या बाजारात मिळेनात, म्हणून कोनफळावर भागवलं. पोट थोडं रिकामं ठेवून उठायचं, हा नियम त्यांनी स्वतः लिहून जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवला. अंमलबजावणी माझ्याकडे दिली.

शेवटच्या रविवारी दुपारी त्यांनी पापलेटाची दुसरी तुकडी मागितली. मी भिंतीकडे बोट दाखवलं. ते हसले आणि हात धुवायला उठले.

महिन्याभराने मी उरलेला एक फॉर्म घेऊन मोरा बंदरावर गेले. तिथे नव्वदीचे एक आजोबा फायबरच्या होड्या बनवतात, त्यांना भेटायचं, असं यजमान नेहमी म्हणत. मोरा जवळ असल्यामुळे ते राहून गेलं होतं.

आजोबा साच्यात काचेच्या धाग्यांची चटई अंथरून तिच्यावर ब्रशने रेझिन लावत होते. वासाने माझे डोळे चुरचुरले. त्यांच्या तोंडावर साधा रुमालही नव्हता.

“आजोबा, जेवण किती घेता?”

“सून वाडते तेवडं. भांडली तर कमी.”

“व्यायाम?”

“ह्यो काय चाललाय?”

“मनावर ताण?”

“सून सांगितली ना.”

“मग एवढ्या आयुष्याचं कारण काय?”

“मला काय ठावं, बाय. माजा धाकला भाव हेच काम करायचा, माज्याच ताटात जेवायचा. पन्नाशीत गेला.” ब्रश डब्यात ठेवून त्यांनी विचारलं, “सायेब नाय आले? फोनवर येतो, येतो म्हनायचे.”

मी सांगितलं. तुकडीचंही सांगितलं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी रोलर घेतला आणि चटईत अडकलेले हवेचे बुडबुडे दाबून काढायला लागले. बराच वेळ काढत होते.

“तुकडी नाय दिली म्हनून कोन मरत नाय,” ते म्हणाले. “पन द्यायला पायजे व्हती.”

फॉर्मवर कारणाची जागा कोरी आहे. नियमाचा कागद अजून भिंतीवर आहे, अक्षर त्यांचं आहे म्हणून. त्याच्यासमोर बसून मी दोन तुकड्या खाते.